दुरुस्त होण्याची तयारी

समाजकार्य महाविद्यालयांच्या वार्षिक अहवालांत अलीकडे एक नोंद हमखास असते : विद्यार्थ्यांसाठी सॉफ्ट स्किल्सची कार्यशाळा. दोन दिवस, बाहेरून बोलावलेले प्रशिक्षक, देहबोली, आत्मविश्वास, वेळेचे नियोजन, मुलाखतीला कसे बसावे, शेवटी प्रमाणपत्र आणि सामूहिक फोटो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये पदवी स्तरासाठी ‘जीवन कौशल’ हा आठ श्रेयांकांचा अभ्यासक्रम आखला. संवाद, व्यावसायिक कौशल्ये, नेतृत्व व व्यवस्थापन आणि मानवी मूल्ये असे त्याचे चार भाग. त्याआधी २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हे केंद्र सरकारचे ऑनलाइन व्यासपीठ सुरू झाले होते, आणि २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम विद्यार्थी तिथून पुरे करू शकतो. यातून एक सोयीची वाटणी होऊन बसली आहे. माणसांशी कसे वागावे हे कार्यशाळेत शिकायचे आणि स्वतःहून जे शिकायचे ते मोबाइलच्या पडद्यावर. समाजकार्याच्या विद्यार्थ्यापुरती तरी ही वाटणी चुकीची आहे, असे माझे म्हणणे आहे. त्याची संवादाची कौशल्ये त्याच्या स्वयंशिक्षणातूनच घडतात. आणि ज्यांच्यासाठी तो काम करतो त्या माणसांना त्याची चूक दाखवण्याची सोय आणि हक्क असेल, तरच ते स्वयंशिक्षण खरे होते. याचा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. धाराशिव जिल्ह्यातले सास्तूर आणि भोवतालचा टापू यांच्या गेल्या तीस-बत्तीस वर्षांच्या इतिहासात तो आहे.

आधी ही कौशल्ये म्हणजे काय, ते पाहू. अमेरिकी लष्कराने १९७२ च्या सुमारास आपल्या प्रशिक्षणाची फेरमांडणी करताना यंत्रे हाताळण्याचे शिक्षण एका बाजूला ठेवले आणि माणसे हाताळण्याचे दुसऱ्या बाजूला. यंत्राचे पाठ लिहून काढता येत होते, माणसांचे तितकेसे येत नव्हते. पुढे कंपन्यांनी हीच विभागणी उचलली आणि महाविद्यालयांनी कंपन्यांकडून. अभियंत्याच्या बाबतीत ती चालून जाते. त्याचा पूल त्याच्या बोलण्यावर उभा नसतो. तो तुसडा असला तरी पूल टिकतो. समाजकार्यकर्त्याजवळ मात्र विचारणे, ऐकणे, थांबणे आणि सांगणे याखेरीज दुसरे हत्यारच नाही. फेलिक्स बिएस्टेक यांनी १९५७ मध्ये व्यक्तिसहयोग कार्याची सात तत्त्वे मांडली, ती एमएसडब्ल्यूचा प्रत्येक विद्यार्थी परीक्षेसाठी पाठ करतो : गोपनीयता, दोषारोप न करणे, भावनांना मोकळी वाट देणे, स्वतःच्या भावनांवर ताबा ठेवणे, वगैरे. बाजारात आज जे सॉफ्ट स्किल्स म्हणून विकले जाते, त्यातला निम्मा माल या यादीत आधीपासून आहे. तिथे ती व्यवसायाची तत्त्वे होती, इकडे येऊन ती व्यक्तिमत्त्वाची सजावट झाली, एवढाच फरक. वागण्याचे कौशल्य आणि विषयाचे ज्ञान वेगवेगळ्या तासिकांत घालता येते, ही समजूत या सजावटीतूनच पसरली.

ती का टिकत नाही, हे एका साध्या प्रसंगावरून कळेल. मराठवाड्यातल्या कोणत्याही क्षेत्रकार्याच्या गावात विद्यार्थ्याला आज ना उद्या आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी जावे लागते. शासनाच्या २००६ च्या निर्णयानुसार अशा कुटुंबाला एक लाखाची मदत मिळते. त्यातले ३० हजार हाती आणि ७० हजार ठेवीत. पण ती मिळण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीने प्रकरण ‘पात्र’ ठरवावे लागते, आणि पात्रतेसाठी जमीन कुणाच्या नावे, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचे की नाही, ते थकले होते की नाही, हे पाहिले जाते. आता समजा, सहानुभूतीचे तंत्र उत्तम शिकलेली, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून हळू आवाजात बोलणारी विद्यार्थिनी त्या घरात गेली आणि दीर-सासऱ्यांदेखत तिने विधवेला विचारले, कर्ज कुणाचे होते? बाईने गावातल्या बिनपरवाना सावकाराचे नाव घेतले, तर प्रकरण कागदावर दुबळे होते. शिवाय त्या सावकाराशी उद्या याच घराला व्यवहार करायचा असतो. बाई गप्प राहिली, तर विद्यार्थिनी अहवालात लिहिते, ‘लाभार्थी प्रतिसाद देत नाही’. तिचा आवाज मृदू होता, बसणे नम्र होते, तरी प्रश्न घातक होता. सातबारा, आठ-अ, सोसायटीचे कर्ज आणि सासरच्या घरात बाईला बोलण्याची किती मुभा असते, हे सगळे ठाऊक असणारालाच तो प्रश्न कधी विचारायचा आणि कधी गिळायचा हे समजते. चातुर्य इथे माहितीत मुरलेले असते. ते वेगळे काढून दोन दिवसांत शिकवायला गेले की हाती फक्त शिष्टाचार उरतो.

आता सास्तूरकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसे मारली. किल्लारीचे नाव जगभर झाले. सास्तूर, होळी, राजेगाव ही आजच्या लोहारा तालुक्यातली गावे त्या मानाने कमी बोलली गेली, पण तिथला विध्वंस कमी नव्हता. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचा थर दिलेले माळवद, ही पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात गारवा देणारी घरेच माणसांच्या अंगावर आली. त्यानंतर मदतीचा जो पूर आला, त्यात संस्था, पक्ष, कंपन्या, परदेशी पाहुणे, पत्रकार, अभियंते आणि अर्थातच समाजकार्याचे विद्यार्थी होते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे ग्रामीण केंद्र १९८० च्या दशकापासूनच तुळजापूरला होते. तिच्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी भूकंपग्रस्त गावांत घरोघर फिरून पाहणी केली आणि पुढे, जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या पुनर्वसन कार्यक्रमात, स्थलांतरित गावांच्या बाबतीत लोकसहभागाचे सल्लागार म्हणून संस्थेला काम मिळाले.

ते काम कठीण होते. ५२ गावे नव्या जागी हलवायची होती. नव्या घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेवर ठरले : भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या कुटुंबाला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, त्यावर ७५०. म्हणजे ज्याने ढिगाऱ्याखाली तीन माणसे गमावली त्या शेतमजुराला सर्वांत लहान घर आणि ज्याच्या घरात कुणी दगावले नाही त्या बागायतदाराला सर्वांत मोठे. हे समजावून सांगायला कोणत्या देहबोलीचा उपयोग होईल? नव्या गावांचे नकाशेही शहरी वसाहतीसारखे निघाले. सरळ रेषेतले रुंद रस्ते, एकसारखे चौकोन, भावकीची गल्ली नाही, दारातला पार नाही, गुरांना जागा नाही. पुनर्वसनाच्या अभ्यासकांनी यावर पुढे भरपूर लिहिले. बैठका झाल्या नव्हत्या असे नाही. पण ज्या बैठकीत लोकांच्या ‘नाही’मुळे नकाशातली एकही रेघ हलत नाही, त्या बैठकीत बोलणारा कितीही वाकबगार असो, तो फक्त निरोप्या असतो. अशा बैठकांतून विद्यार्थी समजावणे शिकतो. ऐकणे शिकत नाही, कारण ऐकलेल्याचे पुढे काहीच होत नसते.

त्याच भूकंपाच्या दुसऱ्या कार्यक्रमात वेगळे काही घडले. ज्या गावांना स्थलांतराची गरज नव्हती, अशा तेराशेच्या आसपास गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे होते, आणि ते घरमालकानेच सरकारी अनुदानातून करून घ्यायचे होते. मजबुतीकरणावर लोकांचा विश्वास नव्हता. दगडाच्या भिंतीखाली पुन्हा झोपायची भीती होती. अभियंत्याची भाषा गावाला कळत नव्हती आणि गावाची भीती अभियंत्याच्या अंदाजपत्रकात बसत नव्हती. या कार्यक्रमासाठी स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेला लोकसहभागाचे काम दिले गेले. प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही संस्था तेव्हा ‘स्पार्क’ या संस्थेचा भाग होती आणि १९९८ मध्ये स्वतंत्र झाली. तिने गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमण्याची पद्धत आणली. शेतात, मजुरीवर जाणाऱ्या, कुणी चार इयत्ता शिकलेल्या, कुणी त्याहून कमी अशा या बाया. अनुदानाचा हप्ता केव्हा मिळतो, कोणता कागद लागतो, कोपऱ्यात जोडदगड का घालायचा, भिंतीला पट्टा कुठे द्यायचा, छतावरची माती का उतरवायची, हे त्यांनी आधी स्वतः समजून घ्यायचे, मग घरोघर सांगायचे, आणि लोकांच्या तक्रारी घेऊन तालुक्याच्या, जिल्ह्याच्या कचेरीत जायचे. ज्या बाईने कधी ग्रामपंचायतीची पायरी चढली नव्हती ती तीन-चार वर्षांत अधिकाऱ्यापुढे उभी राहून आकडे मांडू लागली. २००१ मध्ये कच्छचा भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बाया तिथल्या बायांना अनुभव सांगायला गेल्या. भाषा वेगळी, मुलूख वेगळा, आणि तरी त्यांचे ऐकले गेले.

त्या कशाने शिकल्या, यात या विषयाचे मर्म आहे. त्यांना कुणी आत्मविश्वासाचे धडे दिले म्हणून नव्हे. पहिली गोष्ट, त्यांनी सांगितलेले तपासले जाणार होते. हप्ता पुढच्या महिन्यात येईल असे सांगितले आणि तो आला नाही, तर विचारणारी शेजारीण त्याच आडावर भेटणार होती. दुसरी, त्या ठरावीक दिवशी इतर गावांच्या संवाद सहायकांबरोबर बसत. एकीला न सुटलेले दुसरीने सोडवलेले असे, आणि एकीची थाप दुसरीच्या माहितीपुढे टिकत नसे. तिसरी, त्यांच्या तक्रारीने कधीमधी खरोखर काही बदलत असे, म्हणून नेमके बोलण्याची गरज होती. मोघम बोललेली तक्रार कचेरीतून तशीच परत येते. वरिष्ठ, बरोबरीच्या आणि ज्यांच्यासाठी काम चालले ते लोक, अशा तिन्ही बाजूंनी दुरुस्ती होत होती. धीटपणा त्यातून आला. तो आधी शिकवून मग त्यांना गावात सोडले असते, तर पहिल्याच चुकीच्या हप्त्याला तो ओसरला असता.

याला निराळ्या मुलखातून आणि निराळ्या पद्धतीने मिळालेला दुजोरा आहे. विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अमेरिकेत व्यसनमुक्ती क्षेत्रातल्या १४० व्यावसायिकांवर एक यादृच्छिक चाचणी प्रसिद्ध केली. प्रेरक मुलाखतीचे, म्हणजे रुग्णाला उपदेश न करता त्याच्याच तोंडून बदलाचे कारण वदवून घेण्याचे कौशल्य त्यांना शिकवायचे होते. काहींना फक्त कार्यशाळा दिली, काहींना कार्यशाळेनंतर त्यांच्या ध्वनिमुद्रित मुलाखतींवर अभिप्राय दिला, काहींना फोनवरून मार्गदर्शन दिले, काहींना दोन्ही, आणि एका गटाला नुसती पुस्तिका व चित्रफिती देऊन तुमचे तुम्ही शिका म्हटले. कार्यशाळेचा परिणाम दिसला, पण मागून अभिप्राय वा मार्गदर्शन न मिळालेल्यांत तो काही महिन्यांत ओसरला. आणि आपल्या विषयाला महत्त्वाचे असे, की पुस्तिका घेऊन एकट्याने शिकणाऱ्या गटात फारसा फरक पडला नाही. हा निष्कर्ष कार्यशाळेच्या भक्तांना जितका अडचणीचा, तितकाच स्वयंशिक्षणाचा जयजयकार करणाऱ्यांनाही. एकलव्याची गोष्ट आपल्याला फार आवडते, पण धनुष्याचा बाण चुकला तर डोळ्यांना दिसतो. चुकलेला प्रश्न विचारणाराला बहुधा दिसतच नाही. माणसांच्या कामात स्वतःचे स्वतः शिकायचे म्हणजे आपली चूक दाखवणारी माणसे स्वतः शोधायची.

धाराशिव जिल्ह्यात आणि शेजारी या रीतीची जुनी उदाहरणे आहेत. औरंगाबादच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी १९८० च्या दशकात ‘हेल्थ अँड ऑटो लर्निंग ऑर्गनायझेशन’ हा गट काढला. त्यातून पुढे डॉ. शशिकांत अहंकारी यांचे अणदूरचे काम उभे राहिले आणि गावातल्याच बायांना आरोग्यसेवेसाठी घडवणारा ‘भारतवैद्य’ कार्यक्रमही. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० च्या दशकापासून ज्या ग्राम आरोग्य सेविका तयार केल्या, त्यांतल्या बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हते, काही तर त्या काळच्या गावाच्या दृष्टीने अस्पृश्य. आठवड्याला एकत्र येणे, गावात काय घडले ते सांगणे, जे सांगता आले नाही ते एकमेकींकडून समजून घेणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गावाला सामोरे जाणे, हा त्यांचा अभ्यासक्रम होता. गाडगेबाबांचे कीर्तनही आठवावे. ते प्रश्न विचारत, समोरचा समुदाय उत्तर देई, आणि उत्तर आल्याशिवाय कीर्तन पुढे सरकत नसे. तेही झाडू हातात घेऊन दिवसभर गाव पाहून झाल्यानंतर. विनाशाळेचा हा माणूस महाराष्ट्रातल्या समूहसंवादाचा सर्वांत मोठा शिक्षक ठरला, याची नोंद आपल्या समाजकार्याच्या पाठ्यपुस्तकांनी तळटीपेपलीकडे क्वचितच घेतली. ती जागा परदेशी लेखकांना गेली. त्यांचे ऋण मी नाकारत नाही. बिएस्टेक वर आलेच आहेत.

आता महाविद्यालयात काय आहे ते पाहू. खरे तर सगळी साधने आधीच हाताशी आहेत. १९३६ मध्ये क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या संचालकत्वाखाली मुंबईत देशातले पहिले समाजकार्य विद्यालय सुरू झाले, तेव्हापासून क्षेत्रकार्य हा या शिक्षणाचा कणा मानला गेला. आठवड्यातले दोन दिवस क्षेत्रात, प्रत्येक भेटीचा लेखी अहवाल, पर्यवेक्षकाबरोबर वैयक्तिक चर्चा, मग गटचर्चा, वर्षातून एकदा ग्रामीण शिबिर. डोनल्ड शॉन यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात व्यावसायिक माणूस काम करता करता विचार कसा करतो याचा जो अभ्यास मांडला, त्याला लागणारी चौकट इथे तयारच आहे. बिघडले आहे ते तिच्या वापरात. अहवाल म्हणजे मागच्या बॅचच्या वहीची थोडी फिरवलेली नक्कल, हे उघड गुपित आहे. ‘आज आम्ही गावात गेलो. सरपंचांची भेट घेतली. त्यांनी चांगले सहकार्य केले.’ अशा शेकडो वह्या कपाटांत पडून आहेत. त्यांत कुणी काही बोललेले नाही, कुणी नकार दिलेला नाही, विद्यार्थी एकदाही गोंधळलेला नाही. पर्यवेक्षक लाल शाईने सही करतो आणि तारीख घालतो. अशा वहीतून शुद्धलेखनदेखील सुधारत नाही, मग ऐकण्याचे कौशल्य कुठले?

माझा आग्रह एवढाच आहे, की कार्यशाळेचे तास आणि पैसे या वहीकडे वळवावेत. विद्यार्थ्याने भेटीत झालेले संभाषण जसेच्या तसे, आठवेल तितके, लिहावे : मी हे विचारले, त्या हे म्हणाल्या, मी मधेच बोललो, त्या गप्प झाल्या. पर्यवेक्षकाने त्यातल्या एकाच प्रश्नावर बोट ठेवावे आणि विचारावे, हा इथे का विचारला? पुढच्या भेटीनंतर विद्यार्थ्याने त्याच माणसाशी झालेले दुसरे संभाषण लिहावे. महिन्यातून एकदा अंगणवाडी सेविका, आशा, बचत गटाची अध्यक्ष, एखादा निवृत्त शिक्षक अशा गावातल्या चार माणसांना बसवून विद्यार्थ्यांनी आपल्याला गावाविषयी काय कळले ते तोंडी सांगावे, आणि त्यांनी चुकले ते सांगावे. हे शेवटचे सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगी. सास्तूरसारख्या गावात तर ही माणसे तयार आहेत. स्पर्श ग्रामीण रुग्णालय तिथे आहे. आणि संस्था, सर्वेक्षणे, पाहुणे यांचा तीन दशकांचा अनुभव गावाजवळ आहे. कोणता विद्यार्थी ऐकतो आहे आणि कोणता रकाना भरतो आहे, हे तिथली म्हातारी बाईही ओळखते.

या मांडणीवर पहिला आक्षेप नोकरीचा येईल, आणि तो हलका समजू नये. धाराशिव जिल्ह्यातल्या समाजकार्याच्या वर्गात बसणारी कितीतरी मुले घरातली पहिली पदवीधर असतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सामाजिक खर्चाचे बंधन आले, त्यातून नोकऱ्या निघाल्या. पण त्या पुण्या-मुंबईत मुलाखत देऊन मिळतात, तिथे इंग्रजी बोलावे लागते, सादरीकरण करावे लागते, ईमेल धड लिहावा लागतो. वाड्या-वस्त्यांवर ऐकण्याची तपश्चर्या करा म्हणणारे सल्लागार बहुधा स्वतः इंग्रजी माध्यमातून आलेले असतात, असा टोमणा कुणी मारला तर तो झोंबायला हवा. यावर उत्तर असे, की इंग्रजी, संगणक आणि मुलाखतीची तयारी जरूर शिकवावी, नियमित तासिका लावून, वर्षभर शिकवावी. दोन दिवसांच्या कार्यशाळेत ती तरी कुठे येते? फक्त त्याला माणसांशी काम करण्याचे कौशल्य म्हणू नये. तशी गल्लत केली, की ज्या मुलीला कन्नड, दखनी किंवा तांड्यावरची गोरमाटी येते तिला आपल्याजवळ काहीच कौशल्य नाही असे वाटू लागते. लोहारा आणि उमरगा हे कर्नाटकाच्या सीमेजवळचे तालुके. एका दिवसात तीन भाषांत हालहवाल विचारू शकणारी ती मुलगी त्या क्षेत्रातली सर्वांत कुशल व्यक्ती असू शकते, आणि अभ्यासक्रमात त्याला एकही गुण नसतो.

दुसरा आक्षेप शिक्षकांकडून येतो. स्वयंशिक्षणाचा गजर म्हणजे संस्थेने अंग काढून घेण्याची सोय, असे त्यांना वाटते. आणि राज्यभर रिक्त पदे व तासिका तत्त्वावर चाललेले विभाग पाहता त्यांची शंका रास्त आहे. विद्यार्थी स्वतः शिकतो, ‘स्वयम्’वर पाहतो, मग पर्यवेक्षक कशाला, असे उद्या कुणी म्हणू शकते. पण वर मांडलेले स्वयंशिक्षण शिक्षकाचे काम कमी करत नाही, वाढवते. वीस विद्यार्थ्यांची संभाषणे दर आठवड्याला वाचून प्रत्येकाशी अर्धा तास बोलायचे, तर त्यात दहा तास जातात. तासिकेवर नेमलेल्या आणि दोन महाविद्यालयांत धावणाऱ्या शिक्षकाकडून ही अपेक्षा करणे अन्याय आहे. म्हणून स्वयंशिक्षण हवे असेल तर पूर्णवेळ पर्यवेक्षक हवेत, ही मागणी त्याच्या पोटातच आहे. जो ती वगळून स्वयंशिक्षणाचे गुणगान करतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

गुण कसे द्यायचे, हा प्रश्न तुलनेने सोपा आहे. जूनमधल्या संभाषणाची नोंद आणि फेब्रुवारीतली नोंद शेजारी ठेवली, की बहिःस्थ परीक्षकालाही फरक दिसतो. कुणी मुळातच बोलके असते, कुणी लाजरे, तेव्हा हे शिकवून काय येणार, असे म्हणणाऱ्यांना संवाद सहायकांची हकीकत पुरेशी आहे. आणि बोलकेपणा या व्यवसायात नेहमी फायद्याचाच असतो असेही नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप गावाच्या बाजूने आहे, आणि तो फारसा कुणी मांडत नाही. संवाद सहायक त्याच गावच्या होत्या. त्यांच्या हाती शासनाने दिलेले काम होते, त्यांच्या सांगण्याला वजन होते. विद्यार्थी येतो जूनमध्ये आणि परीक्षा आली की जातो. त्याच्या शिकण्याची किंमत कोण मोजते? ज्या बाईने आपल्या मेलेल्या मुलांची नावे एका फॉर्मवर सांगितली, तिलाच दुसऱ्या संस्थेने तीच नावे विचारली, मग तिसऱ्या वर्षी एखाद्या प्रबंधासाठी कुणी पुन्हा विचारली. भूकंपग्रस्त गावांनी हा छळ सोसला आहे. २०१८ मध्ये उस्मानाबाद हा नीती आयोगाचा आकांक्षित जिल्हा झाला आणि निर्देशांकांसाठी आकडे गोळा करण्याची नवी लाट आली. अशा ठिकाणी विद्यार्थ्याला सरावासाठी माणसे पुरवणे हा गावाचा वापर आहे. या आक्षेपाला पूर्ण उत्तर माझ्याजवळ नाही, निम्मे आहे. विद्यार्थ्याने गावाकडून जे घेतले ते गावाला परत सांगण्याचे बंधन अभ्यासक्रमाने घालावे : पाहणीचे निष्कर्ष ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावेत, निराधार योजनेचा एखादा अर्ज हाती घेतला असेल तर तो मंजूर किंवा नामंजूर झाल्याचे त्या घरी जाऊन सांगावे, आणि जाताना पुढच्या बॅचच्या विद्यार्थ्याला त्या घराशी ओळख करून द्यावी, म्हणजे तीच नावे पुन्हा विचारावी लागणार नाहीत. नामंजुरी समोर बसून सांगता येणे, हे मला या सगळ्या कौशल्यांत सर्वांत वरचे वाटते. ते कार्यशाळेच्या एकाही वेळापत्रकात नसते.

शिक्षकांना म्हणून एकच विनंती आहे. या जूनमध्ये क्षेत्रकार्याची गावे वाटून देताना पहिले दोन आठवडे विद्यार्थ्यांच्या हाती प्रश्नावली देऊ नका. त्यांना रिकामी वही द्या, गावातल्या चार जाणत्यांची नावे द्या आणि पहिली चर्चा त्या चौघांच्या समोर ठेवा. विद्यार्थ्यांनी त्या दिवशी बोलण्यापेक्षा लिहून घ्यावे. विशेषतः जे खोडून काढले जाईल ते.